जू आणि धोंडा

आमच्या गावी नाताळाआधी तीन रात्री सभा भरायच्या. गाव नेवाशाकडचं, ख्रिस्ती घरं पंधरा-वीस, देवळासमोरचं पटांगण एवढंसं. खाली सतरंज्या, वर दोन गॅसबत्त्या, बाजूला पेटी-तबला, आणि थंडी अशी की पुढच्या रांगेतली आम्ही पोरं एका घोंगडीत चौघं शिरायचो. सांगतेय ते साल १९८४ असावं, मी तिसरीत होते. त्या वर्षी बाहेरगावचे एक सुवार्तिक, म्हणजे गावोगाव ख्रिस्ती प्रवचन करणारे, आले होते आणि त्यांनी येताना एक कापडी तक्ता आणला होता, वर-खाली वेळूच्या काठ्या लावलेला. गुंडाळी सोडली की सरसर खाली उलगडायचा.

तक्त्यावर एक धिप्पाड माणूस रंगवला होता. डोकं सोन्याचं, छाती आणि हात रुप्याचे, पोट नि मांड्या पितळेच्या, तंगड्या लोखंडाच्या, आणि पावलं काही लोखंडाची, काही मातीची. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायातला हा पुतळा, बाबेलचा, म्हणजे बॅबिलॉनचा, राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्नात दिसलेला. सुवार्तिकांनी वेताची छडी डोक्यावर टेकवली: बाबेल. छातीवर: मेद आणि पारस, म्हणजे इराणकडची राज्यं. पोटावर: ग्रीस. तंगड्यांवर: रोम. मग छडी पावलांवर आली आणि त्यांचा आवाज खाली आला. दहा बोटं होती, आणि प्रत्येक नखावर एकेका देशाचं नाव. फ्रान्स, इटली, बेल्जियम, डेन्मार्क असं करत करत करंगळीवर पुन्हा ग्रीस. युरोपातल्या देशांनी मिळून एक सामाईक बाजार काढलाय, त्यात ग्रीस आला आणि दहा बोटं भरली, आता धोंडा यायचा तेवढा बाकी आहे, असं ते म्हणाले.

धोंडाही रंगवला होता. कुणाचा हात न लागता डोंगरातून सुटलेला, थेट पावलांवर येणारा. पुस्तकात पुढे असं आहे की त्या धोंड्याने पुतळ्याचं पीठ केलं, आणि सोनं, रुपं, पितळ, लोखंड सगळं उन्हाळ्यातल्या खळ्यावरच्या भुसासारखं वाऱ्याने उडून गेलं. खळ्यावरचा भुसा मी पाहिलेला होता. त्यामुळे भीती जास्त वाटली.

रात्री आबांच्या वाकळीत शिरून मी देश मोजत होते. बेल्जियम दोनदा आला की आकडा चुकायचा. आबा म्हणजे माझे आजोबा, मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, पुढे आयुष्यभर शेती. ते म्हणाले, "बोटं काय मोजतीस? पाय मातीचं हायेत, तेवढं ध्यानात ठिव आन् झोप."

दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, स्पेन आणि पोर्तुगाल त्या बाजारात सामील झाले. पुतळ्याला बारा बोटं झाली. आज मोजली तर सत्तावीस भरतील. तो तक्ता कुणाच्या माळ्यावर गेला देव जाणे. गंमत म्हणजे दहा हा आकडा त्या अध्यायात कुठे नाहीच. बोटांचा उल्लेख आहे, संख्येचा नाही. माणसाला सहसा दहाच असतात म्हणून सगळ्यांनी धरून चालायचं. आजही पश्चिम आशियात कुठे रॉकेट पडलं की आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवा तक्ता येतो; कापडाऐवजी पीडीएफ, एवढाच फरक. मी उघडत नाही. भविष्यवाणीची मला टिंगल करायची नाही, उलट त्या पुस्तकांनी मला आयुष्यभर धरून ठेवलंय. पण ती वर्तमानपत्रासोबत ताळा जमवायची कोडी आहेत असं मला वाटत नाही. त्या स्वप्नाचा अर्थ सांगताना राजवाड्यात जे घडलं ते बोटांपेक्षा किती तरी चमत्कारिक आहे.

दानीएल हा पाडाव झालेल्या लोकांतला पोरगा. यरुशलेमहून बाबेलला आणलेला, नावसुद्धा बदललेलं. तो जगातल्या सगळ्यात बलाढ्य राजापुढे उभा राहून म्हणतो, महाराज, स्वर्गातल्या देवाने आपल्याला राज्य, पराक्रम, बळ आणि वैभव दिलं आहे. ते सोन्याचं डोकं आपणच. इथपर्यंत दरबारी भाटही म्हणाला असता. पण लगेच पुढचं वाक्य येतं: आपल्यानंतर आपल्याहून कनिष्ठ असं दुसरं राज्य उत्पन्न होईल. आपल्यानंतर! एवढा एक शब्द राजासमोर उच्चारायला छाती लागते. राजाने काय ऐकलं ते पान उलटलं की कळतं. तिसऱ्या अध्यायात तो दूरा नावाच्या मैदानात साठ हात उंच पुतळा उभा करतो, आणि तो पुतळा सोन्याचा. डोकं तेवढं सोन्याचं ही गोष्ट त्याने कानांआड टाकलेली दिसते.

अर्धं ऐकायचं आणि उठायचं, ही खोड साम्राज्यांना असतेच. पण ती त्यांच्यापुरती नाही, हे मला यिर्मयामुळे कळलं.

यिर्मया हा दानीएलाच्याच काळातला, पण मागे यरुशलेममध्ये राहिलेला संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारा. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या फौजेने शहर घेतलं, अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन याला कैद करून नेलं, मंदिरातली पात्रं उचलून नेली, आणि त्याचा चुलता सिद्कीया याला गादीवर बसवलं. तीन-चार वर्षं गेली. अदोम, मवाब, अम्मोन, सोर आणि सीदोन इथल्या राजांचे वकील यरुशलेमला जमले. एकत्र येऊन बाबेलविरुद्ध उठायचं का, याची खलबतं. आणि या माणसाने काय करावं? लाकडाचं जू केलं, दोऱ्यांनी आपल्या मानेवर बांधलं, आणि त्या वकिलांसमोर जाऊन उभा राहिला. देवाचा निरोप असा की ही पृथ्वी, तिच्यावरची माणसं आणि जनावरं मी निर्माण केली, मला योग्य वाटेल त्याला मी ती देतो, आणि आता हे सगळे देश मी माझा सेवक नबुखद्नेस्सर याच्या हाती दिले आहेत. माना द्या आणि जगा.

माझा सेवक. हा शब्द बायबलमध्ये मोशेसाठी येतो, दाविदासाठी येतो. तो इथे, ज्याने मंदिर लुटलं आणि पुढे जाळलं, त्याच्यासाठी.

जू म्हणजे काय हे आता शहरात वाढलेल्या माझ्या मुलीला चित्र काढून दाखवावं लागतं. आमच्या गोठ्यात ते खुंटीला टांगलेलं असायचं, शिवळांसकट. बैलाच्या मानेवर ते जिथे घासतं तिथे केस जातात, कातडी जाड होते, पावसाळ्यात कधी चिघळते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आबा खांदेमळणी करायचे. कोमट तेलात हळद कालवून दोन्ही तळव्यांनी बैलांचे खांदे चोळत बसायचे. मंडळीतल्या एक-दोघांना ते खटकायचं, ख्रिस्ती माणसाने पोळ्याचं काही करावं कशाला म्हणून. आबांचं उत्तर ठरलेलं: "पोळा नाय करीत मी. पर बैलाचा खांदा दुखतोय, त्याला काय धर्म असतो का?" मी एकदा रिकामं जू मानेवर घेऊन पाहिलं होतं. पाच पावलं गेले असेन. ओझ्यापेक्षा मान वर करता येत नाही याचाच त्रास जास्त होता. यिर्मया ते घालून भर शहरात हिंडला. लोकांनी त्याला फितूर म्हटलं यात नवल नाही. मी त्या गर्दीत असते तर मीही म्हटलं असतं.

त्याच वर्षी पाचव्या महिन्यात मंदिरात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा उभा राहिला. तोही परमेश्वराच्याच नावाने बोलला: बाबेलच्या राजाचं जू मी मोडलं आहे, दोन वर्षांच्या आत पात्रं परत येतील, यहोयाखीन परत येईल, बंदिवान परत येतील. लोकांना हेच ऐकायचं होतं. यिर्मया यावर जे म्हणाला ते वाचताना मी दर वेळी थबकते. तो म्हणाला, आमेन! परमेश्वर तसंच करो. म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. त्याला फक्त तसं सांगितलं गेलं नव्हतं. शांतीचं भाकीत करणारा खरा की खोटा ते भाकीत घडलं म्हणजे समजेल, एवढं म्हणून तो थांबला. हनन्याने पुढे होऊन त्याच्या मानेवरचं जू काढलं आणि सगळ्यांदेखत मोडलं.

"मग यिर्मया निघून गेला." पुस्तकात एवढंच आहे. जागच्या जागी तयार उत्तर नाही, वाद नाही. काही काळाने वचन आलं तेव्हा तो परत आला नि म्हणाला, तू लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं आणलंस. हनन्या सातव्या महिन्यात वारला. सिद्कीयाने पुढे बंड केलंच, आणि दीड-दोन वर्षांच्या वेढ्यानंतर शहर पडलं, मंदिर जळालं.

इथवरची गोष्ट आमच्याकडे व्यासपीठावरून बऱ्याचदा सांगतात, आणि तात्पर्य काढतात की सत्ता देवाने नेमलेली असते, तेव्हा मुकाट्याने राहावं. हे तात्पर्य राज्यकर्त्यांना फारच मानवतं. इंग्रज साहेबांना आपलं राज्य ही देवाची नेमणूक वाटायची, आणि आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही त्यात ईश्वरी योजना दिसली होती. रानडे भाबडे नव्हते. त्यांना त्या योजनेत देशाचं शिक्षण दिसत होतं, म्हणजे शिक्षण कधी तरी संपणार हेही आलंच. साहेबांच्या डोक्यात मात्र शाळा सुटायची वेळ बहुधा नव्हती.

पण त्या जुवाच्या निरोपात एक पोटवाक्य आहे. सगळी राष्ट्रं नबुखद्नेस्सराची, त्याच्या मुलाची आणि नातवाची चाकरी करतील, "त्याच्या स्वतःच्या देशाची वेळ येईपर्यंत". मग मोठमोठे राजे त्यालाच दास करून ठेवतील. मुदत घालून दिलेलं राज्य. आणि त्याच यिर्मयाच्या पुस्तकात, पार शेवटाकडे, एक्कावन्नाव्या अध्यायात, एक छोटा प्रसंग आहे जो मी व्यासपीठावरून कधी ऐकला नाही. सिद्कीयाच्या कारकिर्दीचं चौथं वर्ष. राजाचा एक अधिकारी सराया बाबेलला निघालाय. यिर्मया त्याच्याजवळ एक गुंडाळी देतो, बाबेलवर येणारं सगळं अरिष्ट तीत लिहिलेलं. सांगतो, तिथे पोचलास की ही मोठ्याने वाच. वाचून झालं की हिला धोंडा बांध आणि फरात (युफ्रेटिस) नदीच्या मधोमध फेक. आणि म्हण, असंच बाबेल बुडेल, पुन्हा वर येणार नाही.

साल पाहा. चौथं वर्ष. हनन्याने जू मोडलं तेही चौथंच वर्ष. म्हणजे ज्या वर्षी हा माणूस मानेवर जू घालून "बाबेलला शरण जा" म्हणत फिरत होता, त्याच वर्षी त्याने बाबेलच्या गळ्यात बांधायचा धोंडाही रवाना केला होता. फितूर म्हणणाऱ्यांना धोंडा माहीत नव्हता. मुकाट्याने राहा म्हणणारे तो सांगत नाहीत. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि लहानपणापासून ते पुस्तक घरात होतं.

नबुखद्नेस्सराला स्वतःला हे पटवायला फार खटपट करावी लागली. जर्मन उत्खननकार रॉबर्ट कोल्डवे १८९९ पासून १९१७ पर्यंत बाबेल खणत होता. तिथे विटांचा सुकाळ, आणि वीट उचलावी तर तिच्यावर ठसा: नबुखद्नेस्सर, बाबेलचा राजा, एसागिला आणि एझिदा या मंदिरांचा प्रतिपालक, नबोपोलस्सराचा ज्येष्ठ पुत्र. असे ठसे हजारो. मला तो त्याचा सातबारा वाटतो. कुळाने कसायला घेतलेल्या जमिनीवर हळूच आपलं नाव चढवून घ्यावं, तसा. दानीएलाच्या चौथ्या अध्यायात हाच राजा राजवाड्यावर फेऱ्या मारताना म्हणतो, हे थोर बाबेल मी आपल्या सामर्थ्याने बांधलं ना? वाक्य तोंडात आहे तोवर आकाशवाणी होते, आणि तो माणसांतून हाकलला जातो. बैलासारखं गवत खातो, दहिवराने भिजतो, केस गरुडाच्या पिसांएवढे वाढतात. ज्याच्यासाठी सगळ्या देशांच्या मानेवर जू ठेवलं, त्याला बैलासारखं चरायला लावणारा तो लेखक मोठा खवचट असला पाहिजे. सात काळ लोटल्यावर राजा वर बघतो आणि मान्य करतो की मनुष्यांच्या राज्यावर परात्पराची सत्ता आहे आणि तो ते पाहिजे त्याला देतो.

बाबेलच्या कागदपत्रांत हा आजार नाही. मृत समुद्राकाठच्या गुहांत मिळालेल्या एका तुकड्यात मात्र असाच सात वर्षांचा आजार नबोनिदस या पुढच्या राजाच्या नावावर सापडतो. दानीएलाचं पुस्तक आजच्या रूपात नबुखद्नेस्सराच्या नंतर चारशे वर्षांनी, अँटिओकस एपिफानेस या ग्रीक राजाच्या छळाच्या काळात आलं, असं बरेच अभ्यासक मानतात. आमचे पाळक मानत नाहीत. मी या वादात फार शिरत नाही. सहाव्या शतकातला असो की दुसऱ्या, लिहिणारा कुणाच्या तरी टाचेखाली होता, आणि खालून वर बघत लिहीत होता.

विटांची गोष्ट तिथे संपली नाही. १९८० च्या दशकात सद्दाम हुसेनने त्याच जुन्या पायावर राजवाड्याच्या भिंती पुन्हा उभ्या केल्या आणि नव्या विटांवर आपलं नाव कोरून घेतलं. शेजारी टेकाड रचून स्वतःसाठी महाल बांधला. २००३ मध्ये त्याच जागी अमेरिकन फौजेने तळ टाकला, आणि तिथली माती पुरातन तुकड्यांसकट वाळूच्या पोत्यांत भरली गेली.

बाबेलची मुदत भरली ती दानीएलाच्या पाचव्या अध्यायातली रात्र बायबल वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत असते: बेलशस्सराची मेजवानी, यरुशलेमच्या मंदिरातल्या पात्रांतून दारू, भिंतीवर लिहिणारी बोटं. बेलशस्सर खरा तर नबोनिदसाचा मुलगा. बाप अरबस्तानात तेमा इथे जाऊन राहिला होता तेव्हा हा गादी सांभाळत होता. पुस्तक त्याला नबुखद्नेस्सराचा मुलगा म्हणतं. असो. मला गंमत वाटते ती भिंतीवरच्या मजकुराची: मने, मने, तकेल, ऊफारसीन. ही वजनांची नावं आहेत. आपल्याकडे दुकानाच्या भिंतीवर कुणी खडूने "शेर, शेर, तोळा, अर्धा शेर" लिहावं, तसं. पंडितांना ते वाचता आलं नाही असं म्हणतात. मला वाटतं वाचता आलं असेल, पण मेजवानीत वाण्याची चोपडी कुठून आली हे उमगलं नसेल. दानीएल त्या नामांची क्रियापदं करतो. मोजलं, तोललं, वाटलं. तोळा आणि तोललं. मराठीत आपोआप जुळतं. आणि शेवटच्या शब्दात 'वाटून टाकलं' आहे तसं 'पारस'ही आहे. दारातच पारसी उभे होते.

इसवी सनापूर्वी ५३९ च्या ऑक्टोबरात कोरेशाचं सैन्य बाबेलमध्ये लढाईशिवाय शिरलं. हा कोरेश, ज्याला बाकीचं जग सायरस म्हणतं, मला एकदा मुंबईत भेटला. म्हणजे त्याचा लेख भेटला. २०१३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत ब्रिटिश म्युझियमने तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाठवला होता. माझं ऑफिस तेव्हा फोर्टात होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून गेले. मनात काही तरी भव्य होतं, आणि काचेच्या पेटीत निघाला पाट्यावरचा वरवंटा. तेवढाच, तसाच मधे फुगीर, भाजलेल्या मातीचा, एका अंगाने फुटलेला. त्यावर खिळ्यांच्या टोकांसारखी अक्षरं इतकी बारीक की मला आधी भेगा वाटल्या. १८७९ मध्ये होर्मुझ्द रस्सामच्या खोदकामात बाबेलमध्ये मिळालेला. माझ्या पुढे एक पारशी आजोबा होते, पांढरी डगली, काळी टोपी. त्यांनी काचेला स्पर्श न करता हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. रांग थांबली, पण कुणी काही बोललं नाही.

त्या लेखात असं आहे की बाबेलच्या मर्दूक देवाने सगळे देश धुंडाळले, न्यायी राजा शोधला, कोरेशाचा हात धरला, त्याला नावाने हाक मारली. आणि यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात पंचेचाळिसाव्या अध्यायात असं आहे की परमेश्वराने कोरेशाचा उजवा हात धरला आहे, त्याला नावाने हाक मारली आहे. वर त्याला "अभिषिक्त" म्हटलं आहे, म्हणजे मशीहा; परक्या राजाला. दोन्हीकडे हात तोच, हाकही तीच, धरणारा वेगळा. यशया यावर ताण करतो. तो दोनदा म्हणतो: तू मला ओळखत नव्हतास तरी. कोरेश मर्दूकाचे आभार मानत होता आणि ते यशयाला चालत होतं! त्याच्या हिशेबात राजाची पावती लागतच नव्हती. मातीच्या लेखात यहूदी लोकांचं नावही नाही. तरी परक्यांना आपापल्या गावी परत पाठवायच्या त्याच्या धोरणातून बंदिवान घरी गेले, पात्रं परत गेली. हनन्या दोन वर्षं म्हणाला होता. यिर्मयाने बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात सत्तर होती, आणि घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा, त्या शहराचं हित चिंता, असं होतं.

इराणच्या शहाने १९७१ मध्ये अडीच हजार वर्षांचा सोहळा केला तेव्हा याच वरवंट्याचं चित्र बोधचिन्ह म्हणून घेतलं होतं. कोरेशाच्या थडग्यासमोर उभं राहून, तू निवांत झोप, आम्ही जागे आहोत, असं त्याने सांगितलं. आठ वर्षं पुरी व्हायच्या आत त्याला देश सोडावा लागला.

इतकं सगळं लिहून मला एका ठिकाणी अडखळायला होतं, आणि ते लपवून उपयोग नाही. 'देवाने दिलं' हे वाक्य कुणी कुणाला म्हणायचं? बायबलमधलं विलापगीत उघडा. वेढ्यातली लेकरं आईच्या उराशी जीव सोडताना विचारतात, धान्य कुठे आहे? त्या आईला जाऊन "नबुखद्नेस्सर देवाचा सेवक आहे" असं सांगणारा माणूस मला घरात नको. हबक्कूक हा संदेष्टासुद्धा देवाशी हेच भांडला: तुझे डोळे एवढे पवित्र, मग दुष्ट माणूस आपल्याहून नीतिमान माणसाला गिळतो तेव्हा तू गप्प का? त्याला मिळालेल्या उत्तरात, थांब, वेळ नेमलेली आहे, एवढंच आहे म्हटलं तरी चालेल. मला ते पुरत नाही. यिर्मयाचं मात्र मी ऐकून घेते, कारण तो वेढ्याच्या आत होता. त्याला चिखलाच्या टाकीत सोडलं होतं. भाकरी संपत आलेल्या त्याच शहरात, त्याच्याच वाटणीची रोजची एक भाकरी खात तो पहारेकऱ्यांच्या चौकात बसला होता. शहर पडल्यावर बाबेलच्या सरदाराने त्याला सांगितलं, चल माझ्याबरोबर, तुझी नीट काळजी घेतो. तो गेला नाही. मागे उरलेल्या गरीबगुरिबांत राहिला.

आणि तो अठरा वर्षांचा राजा, यहोयाखीन? कोल्डवेला राजवाड्याच्या तळघरात शिध्याच्या पाट्या मिळाल्या, त्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. कुणाला किती तेल द्यायचं याची कारकुनी यादी. तीत यहूदाच्या राजाचं नाव आहे, आणि त्याच्या पाच मुलांचं तेल आहे. बायबलमधल्या राजांच्या पुस्तकाचा शेवटही असाच आहे, त्याला तुरुंगातून सोडलं आणि मरेपर्यंत रोजचा शिधा लावून दिला. जयजयकार नाही, धोंडा नाही. तेल मोजून दिलं, नोंद केली.

तेलावरून आठवलं. ठाण्याला आमच्या शेजारी ज्या मावशी राहतात त्यांचे पूर्वज अलिबागकडे तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची ती लेकरं, आणि अँटिओकसच्या छळातून निसटून ते गलबत निघालं होतं अशीही एक समजूत त्यांच्यात आहे. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास जगभरचे यहूदी त्यांच्या पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला करतात. कोकणातल्या यहुद्यांत त्याचं नाव बिरड्याचा रोजा. केळीच्या पानावर बिरडं वाढतात म्हणून.

गेल्या वर्षी आदल्या दुपारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. दोन दिवस आधी भिजवलेले, फडक्यात बांधून मोड आलेले, आता कोमट पाण्याच्या पातेल्यात. चिमटीत धरून दाबलं की सालातून डाळिंबी टुणकन उडते. मुलं-सुना इस्राएलला, हाताखाली कुणी नाही. मीही पाय दुमडून बसले. माझ्या डोक्यात तेव्हा हेच सगळं घोळत होतं, जू आणि गुंडाळी आणि विटा, म्हणून मी म्हटलं, "मावशी, त्या नबुखद्नेस्सराला कल्पना तरी असेल का, की अडीच हजार वर्षांनी कोकणातल्या बाया त्याच्या नावाने वाल सोलत बसतील?"

"कोणाच्या नावाने?"

"देऊळ जाळलं ना त्याने. बाबेलच्या राजाने."

"तो होय." त्यांनी माझ्या पुढ्यातल्या वाटीत बोट घालून दोन डाळिंब्या वेगळ्या काढल्या. "ही बघ, साल तशीच राहिलीये. नीट सोल गं, घशाला लागतं मग."

मी पातेलं जवळ ओढलं.